कु…

वागळे इस्टेटमध्ये, सोळा नंबर रोडच्या मागे,
पत्र्याचं एक व्हिडिओ थिएटर होतं.
तिकीट तीन रुपये. पोस्टरवरच्या बाईच्या पोटावर
‘फक्त प्रौढांसाठी’ अशी चिठ्ठी,
आणि चिठ्ठीवर कुणीतरी पान थुंकून
आपलं मत नोंदवलेलं.

भाऊ मला तिथे घेऊन गेला. मी एकोणीस वर्षांची.
आईला सांगितलं, टायपिंगच्या परीक्षेचा फॉर्म आणायला जातोय.

सिनेमा घाणेरडा होता. उगाच चांगला कशाला म्हणू.
तिरडीवरून मढं घसरायचं आणि उठून उधारी मागायचं,
कीर्तनकाराच्या धोतरात खेकडा शिरायचा,
नर्स, न्हावी, विधवा, टकले, आंधळे,
एकालाही सोडलं नव्हतं.
गावजेवणासारखं: आमंत्रण सगळ्यांना, पानं मात्र उष्टी.

आणि एक तोतरा शिपाई.
मंत्र्यासमोर उभा राहून तो सुरू करायचा,
‘साहेब, तुम्ही एक नंबरचे कु… कु… कु…’
मंत्री मदतीला धावायचा: कुलीन?
तो मान हलवायचा.
कुशाग्र? कुटुंबवत्सल?
छे.
सगळी कचेरी थांबलेली. पंखासुद्धा.
मग तो शब्द यायचा,
चार पायांवर, शेपूट हलवत.

थिएटर कोसळलं.
मला भाऊकडे बघायची भीती वाटत होती.
कमळाकर. ज्याला रेशनच्या रांगेत
स्वतःचं नाव सांगायला अख्खं मिनिट लागायचं,
ज्याची वाक्यं आई पुरी करायची, मास्तर पुरी करायचे,
आणि कोपरीला जायचं असलं
तर रिक्षावाला नुसतं ‘को’ ऐकून कोलशेतला वळायचा.

तो हसत होता. खुर्चीचा पत्रा वाजेपर्यंत.
गालांवरून पाणी, नाकातून आवाज.

परत येताना विचारलं, राग नाही आला?
आयटीआयच्या फाटकापासून बोलायला लागला,
भजीच्या गाडीपाशी वाक्य संपलं:
‘त्याच्यासाठी स-सगळे थांबले ना गं.’

हे मी बरीच वर्षं जपून ठेवलं. लोकांना सांगितलंही.
पुढचं सांगितलं नाही.
त्याच सिनेमात एक जाडी बाई झोपाळ्यावर बसते
आणि झोपाळ्यासकट खालच्या मजल्यावर जाते.
मी तेव्हा अठ्ठ्याहत्तर किलोची.
भाऊ हसला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं,
तोंड मिटलं,
खांदे मात्र हलत राहिले.

आणि शिपायावर मी हसले होते,
भाऊच्या आधी, तो शेजारी बसलाय हे आठवायच्याही आधी.
हसू कडी वाजवत नाही,
चपलांसकट थेट स्वयंपाकघरात येतं.
पुढच्या रांगेतला एक माणूस मध्येच उठला होता,
कुबड्या सावरत. कुणी वाट दिली, कुणी शिट्टी.
तो का गेला, ते मला विचारू नका.
मी का बसून राहिले, ते विचारा.

परवा भाऊची शोकसभा झाली,
किसननगरच्या समाजमंदिरात.
युनियनचे जुने सेक्रेटरी घरत उभे राहिले,
घसा खाकरला:
‘आपला कमळाकर म्हणजे एक नंबरचा कु…’
आणि त्यांना ठसका लागला.

पाणी, पाणी.
सगळे थांबले. पंखा तेवढा चालू.
‘कुशल कामगार’ म्हणणार, मला ठाऊक होतं.
पण मला शेपूट दिसलं,
आणि माझ्या तोंडून जे बाहेर पडलं
त्याला पदर पुरला नाही.

वहिनीनं वळून बघितलं. मग फोटोकडे.
हारामागे भाऊ नेहमीसारखा, ओठ जरासे उघडे,
कुठल्यातरी पहिल्या अक्षरावर.

वहिनीचे खांदे हलायला लागले.
लोकांना वाटलं, बांध फुटला.
तीन बायका उठल्या
तिच्या पाठीवरून हात फिरवायला.